‘हस्ते’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

या खेपेची बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत. इंग्रजीत कर्मणी वाक्य केलं की क्रियापदाच्या मागून ‘बाय’ येणार, ‘विथ’ येणार, ‘ऑफ’ येणार की ‘टू’? नव्या वाचकांसाठी पुन्हा सांगते, मी भाषापंडित नाही. फोर्टातल्या एका सॉलिसिटरांच्या कचेरीत ३३ वर्षं इंग्रजी मसुदे आधी टाइप केले आणि मग तपासले. जे काही कळलं ते खाडाखोड करून करून कळलं.

प्रश्न : आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका मराठी आणि इंग्रजी अशी दोन्हीत निघते. मराठीत ‘पारितोषिक वितरण प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते होईल’ असं असतं, तर इंग्रजीत ‘द प्राइझेस विल बी डिस्ट्रिब्यूटेड अ‍ॅट द हँड्स ऑफ द चीफ गेस्ट’. यंदा एका नव्या शिक्षकांनी ‘अ‍ॅट द हँड्स ऑफ’ला हरकत घेतली. मुख्याध्यापक म्हणतात, वीस वर्षं असंच छापतोय, कुणाचं काही बिघडलं नाही. बरोबर कोण? (सहशिक्षिका, सोलापूर)

उत्तर : नवे शिक्षक बरोबर. मात्र मुख्याध्यापकांना हे जरा बेतानं सांगा, कारण ही चूक मीही केलेली आहे.

साल १९७९. मला कचेरीत लागून चार महिने झाले होते. आमच्या एका पक्षकाराचा धर्मादाय ट्रस्ट गिरगावात दवाखाना उघडत होता. मजकूर मराठीत आला, त्याचं इंग्रजी माझ्याकडे आलं. मी ऐटीत टाइप केलं की दवाखाना अमुक पाहुण्यांच्या ‘अ‍ॅट द हँड्स ऑफ’ उघडला जाईल, आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब पारशी. त्यांनी एकदा वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, ‘‘डिकरी, आ बिचारा मकाने शूं गुनो कीधो?’’ या बिचाऱ्या इमारतीनं काय गुन्हा केला? मला काही उमगेना. मग त्यांनी समजावलं : आजच्या इंग्रजीत ‘अ‍ॅट द हँड्स ऑफ’ कुणी सुखासुखी पडत नाही. संघ हरतो तो दुसऱ्या संघाच्या ‘हँड्स’कडून. कैद्याचा छळ होतो तो पहारेकऱ्यांच्या. तुझा दवाखाना उघडायच्या आधीच मार खातोय. मूळ प्रत आणि तीन कार्बन, सगळं पुन्हा टाइप केलं.

जुन्या इंग्रजीत हातून चांगलंही मिळायचं. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये ईयोब बायकोला विचारतो की देवाच्या हातून आपण चांगलं घ्यायचं आणि वाईट घ्यायचं नाही का? तिथे ‘अ‍ॅट द हँड ऑफ गॉड’ असंच आहे. पुढे त्यातलं चांगलं गळलं, वाईट तेवढं शिल्लक राहिलं.

खरी गोम आपल्या मराठीत आहे. औपचारिक मराठी या बाबतीत चांगलीच श्रीमंत आहे. ‘अध्यक्षांच्या हस्ते’, ‘शासनाकडून’, ‘मंडळातर्फे’, ‘मुख्याध्यापकांमार्फत’, ‘अधिसूचनेद्वारे’. पाच शब्द, पाच वेगळ्या तऱ्हा. ‘हस्ते’मध्ये मान आहे. ‘तर्फे’मध्ये करणारा एक, पण नाव दुसऱ्याचं. ‘मार्फत’मध्ये कागद कुणाच्या तरी टेबलावरून पुढे सरकतो. ‘द्वारे’ला माणूस लागतच नाही, आदेश किंवा यंत्र चालतं. ‘कडून’ हा सगळ्यांत साधा. शाळेत मात्र आपल्याला या पाचांना मिळून एकच ‘बाय’ शिकवला. मग पत्रिकेत ‘बाय द चीफ गेस्ट’ लिहिलं की मान गेल्यासारखा वाटतो, आणि आपण ‘हस्ते’चे हात शोधायला लागतो. इंग्रजीला ते हात नकोत. ‘मार्फत’ला ‘थ्रू’, ‘तर्फे’ला ‘ऑन बिहाफ ऑफ’, बाकी तिघांना बहुतेक वेळा ‘बाय’. शुभहस्तातला ‘शुभ’ सोडून द्यावा लागतो, त्याला इलाज नाही.

मान द्यायचाच असेल तर इंग्रजीत माणसाला वाक्याच्या दारात उभं करतात. ‘द चीफ गेस्ट विल गिव्ह अवे द प्राइझेस.’ कर्मणी नको आणि हातही नकोत. पाहुणे पहिले येतात, बक्षिसं मागून.

तुमच्या पत्रिकेचा जो फोटो तुम्ही पाठवलाय, त्यात खाली आणखी एक वाक्य आहे, ते तुम्ही विचारलं नाही तरी सांगते. ‘अ शॉल अँड कोकोनट विल बी प्रेझेंटेड विथ द गेस्ट’ म्हणजे शाल-श्रीफळालाच पाहुणे भेट दिले. शाल पुढे असेल तर ‘प्रेझेंटेड टू द गेस्ट’. पाहुणे पुढे असतील तर ‘द गेस्ट विल बी प्रेझेंटेड विथ अ शॉल’. ‘एंट्रस्टेड’चंही असंच. काम माणसाकडे सोपवलं तर काम ‘एंट्रस्टेड टू’ आणि माणूस ‘एंट्रस्टेड विथ’. वाक्याच्या तोंडाशी वस्तू आहे की माणूस, एवढं पाहिलं की पुरे.

प्रश्न : मी एमपीएससीची तयारी करतो. शाळेत ‘पॅसिव्ह म्हणजे बाय’ असं पाठ केलं. आता राज्यघटना इंग्रजीत वाचताना अनुच्छेद ५३ मध्ये ‘व्हेस्टेड इन द प्रेसिडेंट’ दिसतं. ‘बाय द प्रेसिडेंट’ का नाही? असे अपवाद किती आहेत, यादी मिळेल का? (वाचक, सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : यादी देणार नाही. तुमच्या पेठेत याद्यांना तोटा नाही, झेरॉक्सच्या दुकानात किलोवर मिळतात.

अनुच्छेद ५३चं पहिलंच वाक्य हळूहळू वाचा. संघराज्याचा कार्यकारी अधिकार ‘शॅल बी व्हेस्टेड इन द प्रेसिडेंट’, पुढे ‘अँड शॅल बी एक्सरसाइज्ड बाय हिम’, आणि पुढे ‘आयदर डायरेक्टली ऑर थ्रू ऑफिसर्स सबॉर्डिनेट टू हिम’. एकाच वाक्यात ‘इन’, ‘बाय’ आणि ‘थ्रू’. आपल्या कायद्याच्या मराठीत पहिल्याला ‘ठायी निहित’ म्हणतात. शब्द जुनाट वाटतो, पण ‘ठायी’ म्हणजे जागा, हे त्यात उघड दिसतं. अधिकार राहतो कुठे? राष्ट्रपतींच्या ठायी, म्हणून ‘इन’. तो वापरतं कोण? राष्ट्रपती, म्हणून ‘बाय’. प्रत्यक्षात कुणाच्या मार्फत? अधिकाऱ्यांच्या, म्हणून ‘थ्रू’. ‘व्हेस्टेड बाय’ लिहिलं असतं, तर राष्ट्रपतींनी तो अधिकार आणखी कुणाला तरी देऊन टाकला असा अर्थ झाला असता. एका प्रिपोझिशननं देशाचा कारभार हलला असता.

तुमच्या ‘पॅसिव्ह म्हणजे बाय’चं मूळ आपल्या व्याकरणाच्या तासात आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने चिंच खाल्ली’. क्रियापद आंब्या-चिंचेप्रमाणे बदलतं, म्हणून कर्मणी. पण त्याचं इंग्रजी ‘रामा एट अ मँगो’ असं साधंच होतं. ते पॅसिव्ह नाही. आपला कर्मणी प्रयोग म्हणजे रोजचा भूतकाळ. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जातो तो ‘रावण रामाकडून मारला गेला’ हा प्रकार, ज्याला व्याकरणात ‘नवीन कर्मणी’ म्हणतात. नाव नीट ऐका : नवीन. घरात आपण असं बोलत नाही. ‘आमटी आईकडून केली गेली’ असं म्हणणाऱ्याच्या घरी मी जेवायला जाणार नाही.

मग गुरुजी सांगायचे, ‘बाय’ला काही अपवाद आहेत, पाठ करा. ‘आय नो हिम’चं ‘ही इज नोन टू मी’. ‘द बॉटल कंटेन्स मिल्क’चं ‘मिल्क इज कंटेन्ड इन द बॉटल’. आणि ‘सरप्राइज्ड अ‍ॅट’. मीही पाठ केलं. पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं की याला अपवाद म्हणणंच चूक आहे. ‘बाय’ विचारतो की हे केलं कुणी? ओळखण्यात किंवा बाटलीत दूध असण्यात कुणी काही केलेलंच नाही. तिथे ‘बाय’ला कामच नाही, तो येऊन करणार काय?

एकट्या ‘नोन’कडे बघा. ‘नोन टू द पोलीस’ म्हणजे पोलिसांच्या माहितीतला, आणि ती काही शाबासकी नव्हे. ‘नोन फॉर हिज मिसळ’ म्हणजे मिसळीसाठी प्रसिद्ध. ‘नोन अ‍ॅज’ म्हणजे ‘म्हणून’ ओळखला जाणारा. आणि ‘नोन बाय द कंपनी ही कीप्स’ म्हणजे संगतीवरून ओळखला जाणारा. इथे ‘बाय’ आहे, पण तो ‘कडून’ नाही, ‘वरून’ आहे. मराठीत तुम्ही ‘माहितीतला’, ‘साठी’, ‘म्हणून’, ‘वरून’ हे चौघे कधी चुकवत नाही. मग इंग्रजी लिहिताना आधी स्वतःला मराठीत विचारा की यातला कोणता शब्द लावतोय. ‘कडून’ निघाला तरच ‘बाय’कडे जा.

तेसुद्धा दर वेळी जमेल असं नाही. ‘लग्न झालं’ला आपण ‘शी’ लावतो, त्यांच्याकडे ‘मॅरिड टू’. ‘मॅरिड विथ’ लिहिलेले स्थळांचे बायोडेटा मी ढिगानं पाहिलेत. ‘मॅरिड विथ टू चिल्ड्रन’ मात्र चालतं, कारण तिथे अर्थ आहे की विवाहित आहे आणि दोन मुलं आहेत. मुलांशी लग्न नव्हे.

प्रश्न : मावशी, मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मूट कोर्टच्या (लुटुपुटीच्या खटल्याच्या) मेमोरियलमध्ये, म्हणजे लेखी युक्तिवादात, मी ‘अक्विटेड फ्रॉम ऑल चार्जेस’ आणि ‘पनिश्ड बाय इम्प्रिझनमेंट’ लिहिलं. परीक्षकांनी दोन्हींभोवती लाल गोल केले आणि कारण काही सांगितलं नाही. (विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : कारण सांगायला त्यांना वेळ नसेल. मला आहे.

आरोपी कोर्टाच्या पायऱ्या चढतो तसतसं त्याच्यामागचं प्रिपोझिशन बदलत जातं. आधी तो ‘अक्यूज्ड ऑफ’. मग आरोप निश्चित झाला की ‘चार्ज्ड विथ’. खटला चालतो तेव्हा ‘ट्राइड फॉर’. दोषी ठरला तर ‘कन्व्हिक्टेड ऑफ’, शिक्षा सुनावली की ‘सेंटेन्स्ड टू’. सुटला तर ‘अक्विटेड ऑफ’. माणूस तोच, गुन्हा तोच.

‘चार्ज्ड विथ’ सोपं आहे. ‘चार्ज’ हा शब्द फ्रेंचमधून आला आणि मुळात त्याचा अर्थ ओझं लादणं. आपण आरोप माणसा‘वर’ ठेवतो. इंग्रज माणसाला आरोपा‘सह’ लादतो, म्हणून ‘विथ’. ‘सेंटेन्स्ड टू’मध्ये माणसाची रवानगी होतेय, तुरुंगाकडे किंवा फाशीकडे. दिशा आली की ‘टू’. ‘अक्यूज्ड ऑफ’मधला ‘ऑफ’ लॅटिन-फ्रेंच वळणाचा आहे. त्या भाषांत आरोपाला षष्ठीसारखा प्रत्यय किंवा फ्रेंचांचा ‘द’ (आपल्या ‘चा’सारखा) लागायचा, इंग्रजीनं त्याच्या जागी ‘ऑफ’ बसवला.

‘पनिश्ड’चं बघ. जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०२मध्ये खुनाला ‘शॅल बी पनिश्ड विथ डेथ’ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं कलम १०३ झालं, पण ‘पनिश्ड विथ’ जागचं हललं नाही. १८६०च्या कायद्यातलं एवढं एक ‘विथ’ नव्या कायद्यातही जसंच्या तसं आलं. शिक्षा करतं न्यायालय, म्हणून ‘बाय द कोर्ट’. शिक्षा कशाची, तर ‘विथ इम्प्रिझनमेंट’. कशाबद्दल, तर ‘फॉर थेफ्ट’. ‘पनिश्ड बाय इम्प्रिझनमेंट’ वाचून अर्थ कळतो, पण कायद्याच्या कागदात ‘विथ’ ठरलेला आहे आणि परीक्षक त्यालाच सरावलेले असतात.

आता ‘अक्विटेड ऑफ’. इथे मला जरा रमू दे. एका एफचा ‘ऑफ’ आणि दोन एफचा ‘ऑफ’ हे जुन्या इंग्रजीत एकच शब्द होते. अर्थ : पासून, दूर. पुढे दोन वाटा झाल्या. पण काही क्रियापदांत एका एफच्या ‘ऑफ’नं तो जुना अर्थ धरून ठेवला. ‘रॉब्ड ऑफ’, ‘क्युअर्ड ऑफ’, ‘डिप्राइव्ह्ड ऑफ’. सगळीकडे माणसापासून काहीतरी काढून घेतलंय, मग पैसा असो की रोग. आपल्या घटनेचा अनुच्छेद २१ आठव. कुणालाही ‘डिप्राइव्ह्ड ऑफ हिज लाइफ ऑर पर्सनल लिबर्टी’ केलं जाणार नाही, अपवाद फक्त ‘प्रोसिजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ’चा. तिथे ‘ऑफ’ म्हणजे हिरावून, आणि ‘बाय’ म्हणजे कायद्यानं घालून दिलेली. ‘अक्विटेड’ही याच कुळातला. आरोपाचं ओझं उतरलं. तुझा ‘फ्रॉम’ विचारानं बरोबर होता, फक्त त्या जागेवर आधीच दुसरा ‘पासून’ बसलेला आहे.

हिंजवडीतल्या माझ्या भाच्याला नोकरी सोडताना पत्र मिळालं, त्यात ‘रिलीव्ह्ड फ्रॉम युअर ड्यूटीज’ होतं. शिष्ट इंग्रजीत ‘रिलीव्ह्ड ऑफ’. तो म्हणाला, आत्या, पगाराचा हिशेब पूर्ण झालाय ना, मग ‘ऑफ’ काय नि ‘फ्रॉम’ काय. त्याचंही खरं.

जाता जाता एक इशारा. पुढे वकील झालीस की हा खड्डा रोज लागेल. निकालाच्या शेवटी असतं, ‘द पिटिशन इज डिस्पोज्ड ऑफ’. तो एका एफचा ‘ऑफ’. आपण मराठीत बोलताना दोन्ही शब्द ‘ऑफ’च म्हणतो. इंग्रज पहिल्याला ‘ऑव्ह’ म्हणतो. म्हणून आपल्या हातून अर्ज ‘डिस्पोज्ड’ होऊन वर दोन एफचा ‘ऑफ’ पडतो, बटण बंद केल्यासारखा. माझ्या हातून किती वेळा पडला ते मोजलेलं नाही. दुसरा धोका असा की कर्मणी करताना तो ‘ऑफ’च गाळला जातो, कारण मागून ‘बाय द कोर्ट’ येणार असतं आणि दोन प्रिपोझिशनं शेजारी शेजारी बरी दिसत नाहीत. दिसू देत. ‘डिस्पोज्ड ऑफ बाय द कोर्ट’, ‘डेल्ट विथ बाय द रजिस्ट्रार’. पहिलं क्रियापदाच्या घरचं आहे, दुसरं कर्त्याचं. पाहुणा आला म्हणून घरच्याला बाहेर काढायचं नसतं.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या इंग्रजी सूचनेत ‘लंच फॉलोड बाय लेक्चर’ छापलं. निम्मे सभासद व्याख्यान आधी समजून उशिरा, त्यांच्या हिशेबानं जेवायच्या वेळेला, आले आणि त्यांचं जेवण हुकलं. चूक छापणाऱ्याची की वाचणाऱ्यांची? (सचिव, ठाणे)

उत्तर : वाक्यात आधी जेवण, मग व्याख्यान असंच आहे. ज्याच्यामागून काहीतरी येतं ते ‘फॉलोड बाय’च्या अलीकडे, आणि मागून येणारं पलीकडे. म्हणजे छापणाऱ्याची चूक नाही. पण वाचणाऱ्यांचीही फारशी नाही. ‘च्या मागोमाग’ हे मनात धरून आपण उलटीकडून वाचायला लागतो, कारण मराठीत ‘व्याख्यानाच्या मागोमाग जेवण’ म्हटलं की व्याख्यान आधी असतं. पुढच्या वेळी सरळ वेळा छापा. साडेबाराला जेवण, दोनला व्याख्यान. आणि जेवण आधी ठेवून व्याख्यानाला किती जण जागे राहिले, हेही कळवा.

प्रश्न : माझा छापखाना आहे. बिलबुकांवर आम्ही ‘सब्जेक्ट टू सांगली ज्युरिस्डिक्शन’ छापतो. परवा एका गिऱ्हाइकाचा मुलगा, इंग्रजी माध्यमातला, म्हणाला, हे चुकलंय, ‘सब्जेक्टेड टू’ पाहिजे, कारण पॅसिव्ह आहे. दोन हजार बिलं छापून तयार आहेत. शिवाय एका संस्थेच्या माहितीपत्रकात ‘द कमिटी इज कम्प्राइज्ड ऑफ’ आहे, ते ठेवू का? (मुद्रक, सांगली)

उत्तर : दुसरं आधी. ‘कम्प्राइज्ड ऑफ’वरून इंग्रजांमध्येच भांडणं आहेत. कडक मंडळींच्या मते ‘कम्प्राइज’ म्हणजेच ‘सामावणं’. समिती सात जणांना सामावते, ‘द कमिटी कम्प्राइजेस सेव्हन मेंबर्स’, मग त्याला ‘ऑफ’ कशाला? लिहिणारे मात्र सर्रास लिहितात आणि शब्दकोशही आता त्याची नोंद घेतात. तुम्ही ‘कम्पोज्ड ऑफ’ किंवा ‘कन्सिस्ट्स ऑफ’ करून टाका, कुणाचाच फोन येणार नाही. फक्त ‘इज कन्सिस्टेड ऑफ’ करू नका. ‘कन्सिस्ट’ला कर्मणी होतच नाही.

बिलांचं म्हणाल तर त्या मुलाचं चुकतंय. ‘सब्जेक्ट टू’मधला ‘सब्जेक्ट’ क्रियापद नाही, विशेषण आहे. वाद झालाच तर तो सांगलीच्या कोर्टाच्या अधिकारात, एवढाच त्याचा अर्थ. ‘सब्जेक्टेड टू’ म्हणजे एखाद्याला काहीतरी भोगायला लावणं, चौकशी, छळ, अपमान. तुमच्या गिऱ्हाइकांनी सांगलीचं कोर्ट भोगावं अशी तुमची इच्छा नसेल तर ती दोन हजार बिलं आहेत तशीच बांधून पाठवून द्या.